बोर्डाला ताप हाय

घरात आला की तो दाराशी चप्पल काढायचा नाही. थेट मेन बोर्डाकडे जायचा, झाकणावर उजवा हात उलटा टेकवायचा आणि डोळे मिटायचा. मग निकाल लागायचा. ‘ठीक हाय’ म्हणाला तर चहा घ्यायचा. ‘याला ताप हाय’ म्हणाला, तर तुमचा तो दिवस गेलाच म्हणून समजा.

चिकलठाण्याच्या कारखान्यात मी स्टोअरला होतो आणि तो मेंटेनन्सला वायरमन. आमची कॉलनी बांधली तेव्हा घरटी दोन दिवे, एक पंखा आणि एक रेडिओ असायचा. पुढे फ्रिज आला, कूलर आला, गिझर आला. भिंतीतल्या वायरी मात्र त्याच राहिल्या. त्यामुळे याला रोज कुणाच्या तरी घरी बोलावणं असायचं. प्रेमानं कुणी बोलवत नसे, कारण तोंडाचा फटकळ होता. माझ्याशी मात्र त्याचं जमायचं, बहुधा मीही तसाच असल्यामुळे.

हात उलटाच का, असं मी एकदा विचारलं.

“करंट बसला तर मूठ आवळती, भाऊ. तळवा लावला तर चिकटून बसताल.” मग म्हणाला, “आमचा बाप मेंढरं राखायचा करमाडला. मेंढीला ताप आला तर ती सांगत नाय, कान धरून पाहावा लागतो. ह्येबी सांगत नाय.”

दसऱ्याला तर त्याचं कॉलनीशी हमखास वाजायचं. कारखान्यात मशिनींची पूजा व्हायची म्हणून घरोघरी बायका बोर्डालाही हळदीकुंकू वाहून झेंडूचा हार घालायच्या. हा सकाळीच पेचकस घेऊन निघायचा, हार काढून बाईंच्या हातात द्यायचा, मेन बंद करायचा आणि एकेक पेच आवळत बसायचा.

“अहो भाऊजी, वर्षाचा सण आहे,” माझी बायको एकदा चिडून म्हणाली.

“म्हणूनच आलो, वहिनी. तुमची पूजा झाली, आता माझी करू द्या.”

आता माझ्या मूर्खपणाचं सांगतो, कारण त्याशिवाय हा माणूस तुम्हाला कळायचा नाही.

मे महिना होता. माझ्या लेकीची हळद. घरात दोन कूलर भाड्यानं आणले होते, आत मिक्सर फिरत होता, दारात स्पीकर लावला होता. आणि बोर्डातली एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की आपोआप पडणारा तो खटका, दर दहा मिनिटांनी पडत होता. मी त्याला बोलावून घेतलं.

“खटका म्हातारा झालाय,” तो म्हणाला. “तरी पडतोय ह्ये नशीब समजा. एखाद्या दिवशी पडणारच नाय, तवा कळंल. एक कूलर बंद करा.”

“मोठा खटका बसव ना. व्याही यायचेत आज.”

“वायर बारीक हाय. मी नाय बसवणार.”

तो गेला आणि मी बाजारातून दुसरा माणूस आणला. त्यानं पाच मिनिटांत दुप्पट ताकदीचा खटका बसवला. सगळं सुरळीत चालू झालं. मी मिशीला पीळ देत व्याह्यांना थंडगार जागी बसवलं. बोर्ड बरा दिसत नव्हता म्हणून त्यावर सजावटीचा पिवळा कपडा सोडला होता, आणि त्याच्याच खाली पाटावर लेक बसली होती.

दुपारी तो हळदीला आला, धुतलेला शर्ट घालून, हातात नारळ घेऊन. लेकीकडे न बघता त्यानं कपडा बाजूला सारला, हात उलटा टेकवला आणि झटक्यात मागे घेतला. बाहेर मीटरपाशी गेला, तिथला किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार असलेला तो पांढरा चिनीमातीचा ठोकळा, उपसला आणि खिशात घातला.

गाणं मध्येच तुटलं. कूलर थांबले. व्याही माझ्याकडे बघायला लागले. मला इतका राग आला की चारचौघांत मी त्याला म्हणालो, “चालता हो माझ्या घरातून.”

त्यानं बोर्डाखाली खुर्ची ओढली आणि बसला.

“लेकीच्या हळदीला आलोय. जेवल्याबिगर जात नाय. आणि ह्ये देत नाय.”

“दे म्हणतो ना.”

“पोलीस बोलवा. बसलोय इथंच.”

शेवटी मीच तणतणत झाकण उघडायला लावलं, त्याला खोटं पाडायला. आतल्या वायरींचं आवरण वितळून एकमेकांना चिकटलं होतं. मागची लाकडी फळी कोळशासारखी काळी झाली होती. पिवळ्या कपड्याची कडही तपकिरी पडली होती. मी लेकीकडे पाहिलं. ती कपाळाची हळद पुसत हसत होती.

बायकांनी लग्नपत्रिकांनी वारा घेत हळद पुरी केली. तो पोटभर जेवला आणि धुतलेल्या शर्टावरच नवी वायर ओढायला बसला. मी माफी मागायला गेलो, तर म्हणाला, “आधी त्यो दुसरा कूलर परत देऊन या.”

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. दहाव्याला आम्ही करमाडला त्याच्या भावाच्या घरी गेलो. दाटीवाटीनं माणसं बसली होती, तीन कूलर चालू होते. समोर हार घातलेला त्याचा फोटो होता. दुसरा खिळा सापडला नसावा, म्हणून तो मेन बोर्डावरच टांगला होता.

मी चप्पल न काढता आत गेलो. फोटो उतरवून भावाच्या हातात दिला आणि झाकणावर हात उलटा टेकवला. मग बाहेर जाऊन किटकॅट उपसला आणि खिशात घातला. तिन्ही कूलरचे पंखे हळूहळू थांबले.

“अहो, काय करताय हे?” त्याचा भाऊ म्हणाला. “दिवस कोणता, काही कळतं का?”

“बोर्डाला ताप हाय,” मी म्हणालो, आणि खुर्ची ओढून बोर्डाखाली बसलो.