‘बंद कधी पडते?’ असे विचारणारे शब्बीरभाई

शब्बीरभाईंची आणि माझी ओळख भिवंडीच्या धामणकर नाक्यावर, भर दुपारी, रिक्षांच्या हॉर्नच्या गदारोळात झाली. माझ्या भावाची मोटरसायकल नाक्याच्या मधोमध बंद पडली होती आणि मला एकटीला ती ढकलणे जमत नव्हते. गाडी साधी नव्हती. दादा बोटीवर इंजिनिअर आहे. आखातातल्या एका बंदरात त्याने ती जुनी विकत घेतली आणि रीतसर कागदपत्रे करून आमच्या गावी, अंजूरला आणली. चार सिलिंडरची, नव्वद सालच्या आसपासची जपानी गाडी. अशा गाड्यांना ‘स्पोर्ट टूरर’ म्हणतात. शर्यतीच्या गाडीसारखी पुढे वाकून चालवायची, पण वारा अडवायला समोर मोठे प्लास्टिकचे कवच आणि मागे दोन बाजूंना सामानाच्या पेट्या. एका दमात चार-पाचशे किलोमीटर जावे म्हणून बनवलेली. दोन हजार सालानंतरच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत भिवंडीत अशा गाड्या एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या, आणि त्यांतली एखादी चालवणारी बाई तर मी एकटीच असेन. दादा वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर असे. गाडी उभी राहून खराब होऊ नये म्हणून दर रविवारी ती फिरवून आणायची, हे काम त्याने माझ्यावर सोपवले होते.

एक रिक्षावाला खाली उतरून म्हणाला, “मॅडम, मागच्या गल्लीत शब्बीरभाई हाय. पहिला लूमचं काम करायचा. त्यालाच दाखवा, बाकी कोण हात न्हाय लावनार.”

दोघातिघांनी ढकलत गाडी त्या गल्लीत नेली. अर्ध्या जागेत लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, सुटे भाग, अर्ध्या जागेत मोटरसायकली. शब्बीरभाई स्टुलावर बसून चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि पाच-सात मिनिटे नुसती गाडीभोवती प्रदक्षिणा घातली. कशालाही हात लावला नाही. मग मला विचारले,

“बंद कधी पडते?”

“कधीही,” मी म्हणाले.

“कधीही काहीच होत नाही. तुम्ही काय करता?”

“शाळेत विज्ञान शिकवते.”

“मग तर टीचर, तुम्ही असं बोलूच नका,” ते म्हणाले, आणि हसले.

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘टीचर’ झाले. वर्गातल्या मुलांना मी जे रोज सांगत होते, ते मला एका लूम दुरुस्त करणाऱ्या माणसाने पहिल्याच भेटीत ऐकवले होते. खरे सांगायचे तर मला थोडा रागही आला होता.

तोपर्यंत दोन ठिकाणी दाखवून झाले होते. दोन्हीकडे कार्बोरेटर उघडून, धुऊन, पुन्हा बसवून दिले होते. गाडी वीस मिनिटे झकास चाले, मग गचके देऊन बंद पडे. दहा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू. शब्बीरभाईंनी काहीच उघडले नाही. त्यांनी मला एक वही करायला सांगितली. प्रत्येक रविवारी किती वाजता निघालात, ऊन किती, किती किलोमीटरवर बंद पडली, टाकीत पेट्रोल किती, थांबून किती वेळाने सुरू झाली, हे सगळे लिहायचे. “इंजिन खोलायला एक दिवस लागतो, पण खोललं की पुरावा जातो,” असे त्यांचे म्हणणे होते.

सात रविवार मी ती वही भरली. आठव्या रविवारी त्यांच्या दुकानात बसून दोघेही ती वाचत होतो. मला उन्हाचा संशय होता, पण ढगाळ दिवशीही गाडी बंद पडली होती. अचानक माझ्या लक्षात आले की टाकी भरलेली असली की गाडी लवकर बंद पडते आणि पेट्रोल कमी असले की जास्त लांब जाते. हे उलटेच होते. मी तसे म्हणाले, तर शब्बीरभाईंचे डोळे चमकले.

“उलटं नाही, टीचर. हवा! तुम्ही बाटलीला तोंड लावून पाणी ओढता, मध्ये हवा आत गेली नाही तर काय होतं?”

टाकीतून पेट्रोल खाली जाते तसतशी त्याच्या जागी बाहेरची हवा आत यावी लागते. ती आली नाही तर आत पोकळी होते आणि पेट्रोल उतरायचे थांबते. भरलेल्या टाकीत मोकळी जागा थोडी, म्हणून पोकळी लवकर तयार होते. शब्बीरभाईंनी मला गाडी बाहेर फिरवून आणायला लावली. ती बंद पडताच मी टाकीचे झाकण उघडले. ‘सूऽऽ’ असा आवाज करत हवा आत शिरली आणि गाडी लगेच सुरू झाली. हवा येण्याची बारीक नळी टाकीखालून मागे जाते, तिचे टोक त्यांनी शोधून काढले. आत कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते. अंजूरच्या आमच्या गोठ्यात गाडी महिनोन् महिने उभी असे, तेव्हा केले असावे. ते मातीचे बोंड त्यांनी चिमट्याने अलगद काढले, कागदावर ठेवले आणि भिंगातून कितीतरी वेळ पाहत राहिले. “बघा, कशी गोल घडवली आहे. आमच्या लेथवर एवढं साफ येत नाही,” ते म्हणाले. गाडी दुरुस्त झाल्याचा आनंद त्यांना नंतर झाला.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना शाळेत बोलावले. काचेची बाटली, रबरी नळी आणि ते मातीचे बोंड घेऊन ते आले. आठवीच्या वर्गासमोर आधी ते फार संकोचले. मग एका मुलीने विचारले, “माशीला ती नळीच का आवडली?” या प्रश्नावर ते इतके रंगले की पुढचा तासही त्यांचाच झाला. उत्तर त्यांना ठाऊक नव्हते. “मला माहीत नाही, पण आपण बघू या,” असे त्यांनी वर्गाला सांगितले, आणि नंतर खरोखरच दुकानाच्या पत्र्याखाली वेगवेगळ्या मापांच्या नळ्या लटकवल्या. माशी पेन्सिलीएवढ्या भोकाची नळी पसंत करते, हा निष्कर्ष त्यांनी पावसाळा संपल्यावर त्या मुलीला कळवला.

लूममध्ये त्यांची वीस-बावीस वर्षे गेली. बंद पडलेला माग चालू करून देणारा माणूस म्हणून त्यांचे नाव होते. शेजारचे एक गृहस्थ आखातातून परतताना अशीच एक मोठी गाडी घेऊन आले. ती उघडायला कोणी धजेना, तेव्हा शब्बीरभाईंनी ती केवळ कुतूहलाने उघडली. पुढे कल्याण, वाडा, ठाण्याकडूनही अशा जुन्या गाड्यांचे मालक त्यांना शोधत येऊ लागले. सुटे भाग मिळत नसत. माहितीपुस्तिका सायबर कॅफेत बसून उतरवून, पाने छापून आणावी लागे. शब्बीरभाईंचे इंग्रजी जेमतेम, म्हणून ती पाने मी वाचून मराठीत सांगायची आणि ते ऐकायचे. बदल्यात त्यांनी मला हात काळे करायला शिकवले. दुकानात माझ्यासाठी वेगळा साबण आणि स्वच्छ पंचा ठेवलेला असे. एखादे गिऱ्हाईक माझ्याकडे दुर्लक्ष करून त्यांनाच विचारू लागले, तर ते पाना खाली ठेवून म्हणत, “टीचर से पूछो, ये काम उन्होंने किया है.” एवढ्या सहजतेने मान देणारी माणसे मला माझ्या व्यवसायातही फार भेटली नाहीत.

आता जो प्रसंग लिहिते आहे, तो साठीच्या गौरवाच्या लेखात बसत नाही असे कोणी म्हणेल. मी शब्बीरभाईंना विचारले होते. ते म्हणाले, “तोच लिहा. तो नसेल तर बाकीचं छापू नका.”

दादा एका वर्षी पाठदुखी घेऊन घरी आला. त्या गाडीचे हँडल फार खाली असते आणि पुढे वाकून बसावे लागते. शब्बीरभाईंनी लेथवर ॲल्युमिनियमचे दोन जाड तुकडे घडवून हँडल दोन इंच उंच करून दिले. हीच सोय त्यांनी आणखी दोन गाड्यांनाही केली होती. दादा खूश होता. तिसऱ्या दिवशी वाड्याच्या रस्त्याने जाताना अंबाडीच्या नाक्यावर त्याने गाडी मागे वळवायला हँडल पूर्ण डावीकडे फिरवले, आणि गाडी एकदम उसळली. समोर भाजीची हातगाडी होती. ती चुकवताना दादा रस्त्यावर आपटला. मनगट मोडले. हातगाडीवाला दोन हातांच्या अंतरावर होता, तो थोडक्यात वाचला.

सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला: दादाकडून घाबरून रेस जास्त दिली गेली. दादालाही तसेच वाटत होते. तो प्लॅस्टर घातलेला हात मांडीवर ठेवून पुन्हा पुन्हा म्हणायचा, “माझीच चूक. सहा महिने गाडीला हात नाही, सवय गेली.” प्रकरण तिथेच मिटले असते. कोणीही शब्बीरभाईंचे नाव घेतले नव्हते.

गाडी त्यांच्या दुकानात आणली होती, फक्त मोडलेले प्लास्टिक जोडायला. मी गेले तेव्हा ते तिच्यासमोर जमिनीवर बसले होते.

“दादांनी रेस दिली नसेल तर?” ते म्हणाले.

“मग कोणी दिली?”

“तेच बघतो आहे.”

त्यांनी गाडी सुरू केली आणि हँडल पूर्ण डावीकडे फिरवले. काही झाले नाही. उजवीकडे फिरवले. काही नाही. मला वाटले, आता तरी त्यांचे समाधान होईल. पण ते उठले, समोरच्या कवचाच्या आतले काळे प्लास्टिक शोधून आणले, तडा गेलेला भाग तारेने बांधून ते जागेवर बसवले आणि पुन्हा हँडल डावीकडे नेले. रेसला कोणीही हात न लावता इंजिनाचा आवाज चढत गेला. हँडल उंच झाल्यामुळे रेसची केबल मुळातच ताणलेली होती, आणि ती त्या प्लास्टिकच्या कडेमागे अडकून आणखी ओढली जात होती.

शब्बीरभाईंनी चावी फिरवून गाडी बंद केली. मग म्हणाले, “मी तपासलं होतं, टीचर. पण हे प्लास्टिक बसवायच्या आधी तपासलं. नंतर नाही.”

मी म्हणाले, “हे आपल्या दोघांनाच माहीत आहे.” आज ते वाक्य लिहिताना मला लाज वाटते. त्यांच्या काळजीपोटी बोलले होते, तरीही.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागावले नाहीत. “दादांना वाटतं त्यांना गाडी येत नाही. ते खोटं आहे ना? मग ते त्यांच्याजवळ कसं ठेवू?”

त्याच संध्याकाळी ते आमच्या घरी अंजूरला आले. आई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. शब्बीरभाई उभ्यानेच बोलले. केबल, प्लास्टिक, स्वतःचे अर्धवट तपासणे, सगळे सरळ सांगितले. दादाला म्हणाले, “तुमच्या हाताची चूक नव्हती. माझ्या हाताची होती.” दादाने डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावरचे ओझे उतरताना मी पाहिले.

आई मात्र भडकली. “माजा पोरगा गेला असता त? त्या भाजीवाल्याला पोरं हायेत का न्हाय, बगलाव का तुमी?”

“हो, मावशी. आधी त्याच्याकडेच जाऊन आलो,” शब्बीरभाई म्हणाले.

आई पुन्हा तांदूळ निवडू लागली. पण त्या दिवशी तिने त्यांना चहा विचारला नाही, आणि त्यांनीही तशी अपेक्षा ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवले. तशीच हँडले उंच करून घेतलेले दोन मालक होते, एक कल्याणला, एक वाड्याला. फोनवर ‘गाडी काढू नका’ एवढेच सांगून ते स्वतः दोघांकडे गेले, दारात बसून हँडले मूळ उंचीवर परत बसवून आले. कल्याणच्या मालकाची गाडी ठीक होती, काही अडकत नव्हते, तरी त्यांनी ते तुकडे काढून घेतले. वाड्याच्या गृहस्थांनी त्यांना नको ते बोलून घेतले आणि पुन्हा कधी गाडी पाठवली नाही. पुढे शब्बीरभाईंनी लांब केबल मिळवून तीच सोय बिनचूक करून दाखवली, पण तेव्हापासून ते स्वतःच्या तपासणीवर काम पुरे झाले असे मानत नाहीत. सगळे प्लास्टिक बसवून झाल्यावर मालकाला गाडीवर बसवतात, इंजिन चालू करून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावतात आणि विचारतात, “आवाज बदलला? नीट ऐका. माझ्यावर विसंबू नका.”

दादाचा हात बरा झाल्यावर आमच्या घरात गाडी विकण्याचा विषय निघाला. दादा बोटीवर निघायचा होता. एका ओळखीच्याने ठाण्यातल्या मोठ्या गॅरेजचे नाव सुचवले, तिथे नीट करून घ्या आणि विकून टाका. आई आत भाकऱ्या करत होती. ती पीठ लागल्या हातांनी बाहेर आली आणि म्हणाली, “इकाची त इका. पन ठेवलीव त त्या भिवंडीवाल्याकडंच न्या. दुसऱ्याकडून चूक झाली त तो सांगाचा न्हाय.”

गाडी विकली नाही.

वाचकांना कदाचित नवल वाटेल, पण इतक्या गाड्या हाताखालून घालवलेल्या शब्बीरभाईंकडे स्वतःची मोठी गाडी कधीच नव्हती. ते आजही स्कूटरवर फिरतात. गेल्या वर्षी मात्र त्यांनी अपघातात मोडलेली एक स्पोर्ट टूरर खोक्यांमधून आणली आहे. अकरा खोकी, त्यांतले काही भाग दुसऱ्याच वर्षीच्या गाडीचे, काही कशाचे ते अजून कळलेले नाही. रोज दुपारी एक खोके उघडायचे, एक भाग हातात घ्यायचा आणि हा इथे का आला असेल याचा विचार करत बसायचे, असा त्यांचा क्रम चालू आहे. त्यांच्या पत्नी जुबैदाभाभी म्हणतात, “ये गाडी नहीं बनेगी, इनको बनानी ही नहीं है.” पण त्याच भाभींनी मागच्या सीटसाठी जाड गादी शिवून ठेवली आहे, हे मी पाहिले आहे. त्यांचे माहेर रत्नागिरीकडचे. तिथे या गाडीवरून जायचे, असे दोघांनी ठरवले आहे.

शब्बीरभाई, साठ वर्षे पूर्ण केल्याबद्दल आम्हा सगळ्यांचा आदराचा नमस्कार. तुमचे गुडघे जमिनीवर बसायला आणि उठायला असेच तयार राहोत, कान इंजिनातली बारीकशी कुरकुर ऐकत राहोत, नजर स्वच्छ राहो. तुम्हाला उदंड आयुष्य मिळो आणि त्यात आजारपणाला जागा नसो. अकरावे खोके उघडेल, गाडी उभी राहील आणि एका चांगल्या सकाळी तुम्ही भाभींना मागे बसवून कोकणच्या रस्त्याला लागाल. घाटात कुठे थांबावे लागले तर घाई करू नका. सावली बघून बसा, आणि शोधून काढा.