बायकोच्या नावापुढची लाल खूण

आधी नाव घेतो ते सुषमाताईंचं. आमच्या नाक्यावरचं मेडिकल त्यांचं. मी बाम घ्यायला गेलो, तर त्यांच्या कॉम्प्युटरवर माझ्या बायकोच्या नावापुढे लाल खूण आलेली.

“भाऊ, वहिनींच्या फिटच्या गोळ्या एव्हाना संपायला हव्या होत्या. नवीन न्यायला कोणी आलं कसं नाही?”

“उरल्यात, ताई. सोमवारी तिचा कडक उपवास असतो. गोळीसुद्धा घेत नाही.”

“अहो, आज सोमवारच की! फोन लावा आधी.”

रिंग वाजत राहिली. खोलीत ती एकटी, वेळ माझा डबा करायची. फिट आली तर पडणार ती थेट शेगडीवर. माझी शाळा सातवीत सुटली, पडद्यावरचं इंग्रजी कळेना, लाल रंग तेवढा कळत होता. गावापासून इतक्या लांब, जेवलात का म्हणून विचारणारंही कोणी नाही, आणि तिची चुकलेली गोळी मात्र या यंत्राच्या ध्यानात आली होती.

“कपडे वाळत घालत होते. काय झालं?” तिचा आवाज आला आणि मी फोन ताईंपुढे धरला.

ताईंनी फोन घेतला. “वहिनी, आजची गोळी आत्ता घ्या.”

“आणि देवाला काय सांगू?”

“माझं नाव सांगा.”

मी फरशी बसवायला शिकतोय. हात बसला की ताईंच्या घरची फरशी मीच बसवणार, हा माझा शब्द.