गैरहजेरीतली नाडी

बेटी मच्याडो नर्सिंग स्कूलमध्ये शिकवते. वय सत्तावन्न, उंची बेताची, केस कानापर्यंत कापलेले. लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. वसईजवळ सांडोर गावात भाऊ सॅन्टन, वहिनी रिटा आणि त्यांची मुलगी एलिसा यांच्याबरोबर राहते. घरामागची केळीची वाडी सॅन्टन बघतो. बेटीनं मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात बावीस वर्षं नोकरी केली आणि मग वसईला येऊन मुलींना शिकवायला लागली. बाकीचं चरित्र असंच सरळ आहे, ते लिहून कागद भरण्यात अर्थ नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पायात जंतुसंसर्ग झाला, सूज गुडघ्यापर्यंत चढली आणि मी आठ दिवस तिच्या शाळेला जोडलेल्या इस्पितळात पडले होते. खिडकीखाली शाळेचं अंगण. रोज सकाळी साडेसातला मुली रांगेत उभ्या राहून शाळेचं ध्येय आणि मूल्यं म्हणायच्या. सेवा, करुणा, सचोटी, शिस्त, आदर. मान्यतेच्या तपासणीला पाहुणे येणार होते, म्हणून भिंतीवर नवा बोर्ड लागला होता आणि पाठांतर जोरात चाललं होतं. शेजारच्या पलंगावर आगाशीच्या एक आजी होत्या. त्यांना ती प्रार्थना वाटायची. त्या पडल्या पडल्या हात जोडायच्या.

चौथ्या दिवशी पावणेदहाला मला एक्स-रेला नेलं. तिथं रांग. परत आले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. पलंगाला अडकवलेला तक्ता मी वाचला. दुसऱ्याच्या उत्तरपत्रिका तपासण्यात माझी एकतीस वर्षं गेली, हाताशी आलेला कागद न वाचता राहवत नाही. सकाळी दहा वाजता: ताप ९८.४, नाडी ७६, श्वास १८. खाली सही, एलिसा मच्याडो, दुसरं वर्ष.

दहा वाजता मी तळमजल्यावर बाकावर बसले होते. माझी नाडी मात्र इथं पलंगावर व्यवस्थित चालू होती.

बेटी मुलींना घेऊन वॉर्डात फिरत होती. मी तिला बोलावून तक्ता दाखवला. तिनं थर्मामीटर काढला आणि माझा ताप घेतला. एकशे एक पूर्णांक सहा. डॉक्टर आले, औषध बदललं. मग बेटीनं एलिसाला पलंगापाशी उभं केलं.

“दहा वाजता पेशंट कुठं होत्या?”

“नव्हत्या.”

“मग हे कुणाचं लिहिलंस?”

“काल तेवढंच होतं मॅडम,” एलिसा म्हणाली. “परवापण.”

खोटी नोंद केली तर ती शाळेच्या चुकांच्या रजिस्टरात जाते, लिहायची शिकवणाऱ्या बाईनं. मुलीला सहा आठवड्यांची वॉर्डातली ड्युटी पुन्हा करावी लागते. म्हणजे त्या वेळची परीक्षा चुकते आणि सहा महिने जातात. हे मला प्रिन्सिपल सिस्टरनी सांगितलं. त्या दुपारी स्वतः आल्या, माझी उशी नीट केली, आणि दहा वाजता मी नक्की खालीच होते का, हे मला आठवतंय का, असं दोनदा विचारलं. तपासणी गुरुवारी होती. रजिस्टर बारा वर्षं कोरं होतं आणि गुरुवारपर्यंत तसं राहिलं तर बरं, असं त्यांचं म्हणणं होतं.

मला नक्की आठवत होतं. पण ती मुलगी बेटीची सख्खी भाची आहे हे आगाशीच्या आजींकडून कळलं, तेव्हा मी ढिली पडले. संध्याकाळी बेटीला म्हटलं, जाऊ द्या. मी जिवंत आहे.

“तुम्ही जिवंत आहात ते मला दिसतंय बाई. मी तुमच्याबद्दल बोलत नाहीये.”

“मग कुणाबद्दल?”

“तुम्हाला भांडायची सवय आहे. निम्मे पेशंट आम्ही लिहू तेच खरं धरतात. डॉक्टरपण तेच धरतात.”

“मग दुसऱ्या कुणाला तरी लिहू द्या. तुम्ही आत्या आहात.”

“दुसरीनं लिहिलं तर घरी म्हणतील, आत्या असती तर वाचवलं असतं. त्यापेक्षा मीच लिहिलेलं बरं.”

तिनं लिहिलं. दुसऱ्या दिवशी सॅन्टन आला आणि वॉर्डाच्या दारातच बहिणीशी भांडला. त्यांच्या घरच्या बोलीतलं निम्मं मला कळलं. निम्मं पुरेसं होतं. शेवटचं तर सगळ्या वॉर्डाला कळलं.

“भिंतीवर करुणापण लिहिलीय ना तुमच्या? ती कुणासाठी?”

“पेशंटसाठी,” बेटी म्हणाली आणि आत गेली.

गुरुवारी तपासणी झाली. पाहुण्यांमधल्या मुख्य बाईंनी रजिस्टरची कोरी पानं सावकाश उलटली, एकुलती एक नोंद वाचली आणि बारा वर्षांतल्या बाकीच्या चुका कुठं लिहून ठेवता, असं विचारलं. मान्यता राहिली, पण रजिस्टरवर वाईट शेरा मिळाला.

एलिसाची परीक्षा मात्र चुकली. सॅन्टननं बहिणीशी बोलणं टाकलं. बेटीला काही सांगायचं झालं तर समोर बसून रिटाला सांगायचा, मग रिटा तेच पुन्हा म्हणायची. एलिसा आत्याशी बोलायची, पण कामापुरतं. मी ड्रेसिंगला जायचे तेव्हा हे सगळं बेटी पट्टी गुंडाळता गुंडाळता सांगायची. त्रास होतो का, म्हणून मी विचारलं. होतो म्हणाली आणि पाय वर घ्यायला सांगितला. पोरीनं शाळा सोडली तर, असंही विचारलं. त्यावर तिनं पट्टी सोडून पुन्हा बांधली, आधीची नीट बसली नव्हती म्हणे.

पुन्हा करायची ड्युटी पुढच्या परीक्षेच्या तोंडावर लागली होती, ती संपायला चार दिवस होते. एलिसानं पुरुषांच्या वॉर्डात नऊ नंबरच्या पलंगाची ॲसिडिटीची गोळी दहा नंबरला दिली. कुणी पाहिलं नव्हतं. दहा नंबर गोळी गिळून झोपून गेला होता. एलिसानं डॉक्टरांना सांगितलं, वॉर्डच्या सिस्टरना सांगितलं, मग खाली जाऊन रजिस्टर मागून घेतलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं. नियमाप्रमाणे आणखी सहा आठवडे लागू शकले असते, आणि मग पुढची परीक्षाही गेली असती. तिला ते माहीत होतं.

बेटीनं नोंद वाचली.

“वेळ राहिली लिहायची,” ती म्हणाली.

एलिसानं वेळ लिहिली.

दहा नंबरला काही झालं नाही. लगेच सांगितलं म्हणून प्रिन्सिपल सिस्टरनी समज देऊन सोडलं. रात्री जेवताना ही बातमी एलिसानंच घरी सांगितली. सॅन्टननं जेवण थांबवलं.

“अजून किती महिने?” त्यानं विचारलं. रिटाला नाही, थेट बहिणीला.

“एकपण नाही.”

“कुणी बघितलं होतं का?”

“नाही.”

“मग लिहिलं कशाला?”

बेटीकडे उत्तर होतं, असं ती मला नंतर म्हणाली, पण उत्तर एलिसानं दिलं.

“गोळी दिली होती म्हणून,” ती म्हणाली.

यावर सॅन्टन काय म्हणाला, ते मी बेटीला विचारलं. भात मागितला, ती म्हणाली. कुणाकडे, हेही मी विचारलं.

“रिटाकडे. भात रिटापाशी होता.”