शेफालीमावशीची साक्ष

शेफालीमावशी परवा गेली.
तिच्या मातीला आमच्यातलं कुणी जाऊ शकलं नाही. मधे बॉर्डर आहे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी ती पंचवटीत आमच्या शेजारच्या खोलीत आली. बांगलादेशातली. घरकामाची नोकरी लावतो सांगून कुणीतरी आणलं आणि एका मुकादमाच्या हवाली केलं. तो नाशिकचाच, द्राक्षबागांना मजूर पुरवायचा.

तो तिला मारायचा.
भिंत पातळ होती. आम्हाला सगळं ऐकू यायचं.

आई भाजीबाजारात हार विकायची. मावशी तिच्याजवळ फुलं ओवायला बसू लागली. मराठी तिथेच शिकली. हसताना पदर तोंडावर धरायची. पुढचा दात त्याने पाडला होता.

एकदा आई भडकली. "चल चौकीला. मी येते संगं."

"नको ताई. तो बोलतो, जा ना. आत तूच जाशील. मग बॉर्डर."

तिच्याकडे कागद नव्हते. त्याला हे पक्कं ठाऊक होतं.

मग एका हंगामात त्याने पेठ तालुक्यातली कमल आणली. विशीतली, छाटणीच्या कामाला. एका दुपारी तिला खोलीत ओढून त्याने कडी लावली. मावशी नेमकी बाजारातून येत होती. ओरडणं ऐकून तिने आमचा वरवंटा उचलला आणि दार फोडलं.

कमलला आमच्या घरात ढकललं. आईला म्हणाली, "ताई, आता चौकी."

"अगं, तुला ठेवतील का इथं? मी सांगते ना. मी ऐकलंय सगळं."

"तू ऐकलं. मी बघितलं."

मी तेव्हा कॉलेजात होते. मीही गेले बरोबर.
साहेबांनी कमलची तक्रार लिहून घेतली. मग मावशीला विचारलं, "गाव कोणतं?"

कोलकात्याकडचं कुठलंही नाव सांगता आलं असतं. तिने खरं सांगितलं.
मी तिच्याकडे बघतच राहिले. ती हळूच म्हणाली, "मी खोटी निघाली, तर हिचं पण खोटं होणार."

संध्याकाळपर्यंत दोघांनाही अटक झाली. त्याला आणि तिला.

तो जामिनावर सुटला. ती आतच. आधी शिक्षा, मग डिपोर्ट.
आई जेलमध्ये भेटायला गेली, तर हिचा पहिला प्रश्न, "कमल जेवते का?"

केस उभी राहिली तेव्हा डोळ्यांनी बघितलेली एकमेव साक्षीदार देशातच नव्हती. त्याच्या वकिलाने कमलला विचारलं, "कुठे आहे ती बाई?"

कमल म्हणाली, "तुम्हीच धाडली ना तिला."

तो सुटला.

पुढे मोबाइल आले तसे मावशीचे फोन येऊ लागले. तिकडे शिवणकाम करायची. व्हिसासाठी धडपडली, मिळाला नाही. परवा तिच्या भाचीने कळवलं.

काल कमल पेठहून आली. आता अंगणवाडीत आहे, दोन लेकरांची आई. आईजवळ येऊन बसली.

मग म्हणाली, "काय झालं ते बघितलेली ती एकटीच व्हती. आता मी एकटी राहिले."

मावशी, तू बघितलंस ते आम्हीही सांगत राहू.
तुला शेवटचा नमस्कार.