माझ्या लेकीचं बिनभाताचं ताट

माझ्या लेकीला मी दोन वर्षं भाताचं शीत दिलं नाही की भाकरीचा तुकडा दिला नाही, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. हे वाचून कुणाला ‘कसली ही आई’ असं वाटलं असेल तर खुशाल वाटू द्या. तेव्हा अख्ख्या जव्हारला तेच वाटत होतं, त्यात आणखी चौघांची भर पडली तर माझं काही बिघडत नाही.

जव्हारचं संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमचे हे दरबारच्या कचेरीत कारकून होते, ते आता सरकारी कारकून झाले. टेबल तेच, खुर्ची तीच, वरचा साहेब तेवढा बदलला. आम्ही दोघंही डोंगरातल्या शेतकरी घरांतले. माझं माहेर साखरशेतचं, सासर वर सूर्यमाळला. शिकलो म्हणून गावात येऊन भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो, एवढंच.

लेक तेव्हा सहा वर्षांची. एक दिवस खेळता खेळता पडली, डोळे फिरले, हातपाय वाकडे होऊन झटके द्यायला लागले. फेफरं. मग ते येतच राहिलं. कधी आठवड्यातून एकदा, कधी दिवसातून दोनदा. कांदा हुंगवून झाला, चामडं हुंगवून झालं, भगताने कोंबडं घेतलं आणि कोंबड्यासकट गेला. गोळ्या दिल्या की पोर दिवसभर पेंगायची आणि फेफरं यायचं ते यायचंच. प्रत्येक झटक्यानंतर ती थोडी थोडी कमी होऊन उठायची. आधी पाढे विसरली, मग गाणी. एकदा माझ्याकडे पाहून ती ओळख पटेपर्यंत बराच वेळ थांबली. त्या दिवशी मी ठरवलं की आता कुठेही जावं लागलं तरी जायचं.

नाशिकला एक म्हातारे डॉक्टर आहेत असं कळलं. एसटीने गेलो. त्यांनी पोरीला तपासलं, आमचं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “हिचं जेवण काय?”

“गरिबाचं असतं ते. भात, नागलीची, म्हणजे नाचणीची भाकर, डाळ,” मी म्हटलं.

“ते सगळं बंद. भात, भाकर, डाळ, गूळ, साखर, केळं, बटाटा, सगळं. हिने तूप खायचं. लोणी, खोबरं, अंडी, थोडी मासळी, चिमूटभर पालेभाजी. ताटात सगळ्यात मोठा वाटा तुपाचा. दोन वर्षं.”

आमचे हे माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, “आजार म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला.” दुखणं डोक्यात आणि औषध पोटात, मलाही पटेना. पण डॉक्टर म्हणाले, काही मुलांना याने गुण येतो, काहींना नाही, मी खात्री देत नाही. इतके दिवस सगळ्यांनी खात्रीच दिली होती. न देणारा हा पहिलाच माणूस, म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला. आणि हो, हे वाचून कुणी आपल्या पोरावर असले प्रयोग करू नका. आमच्या मागे डॉक्टर उभा होता. दर महिन्याला तो तिचं वजन बघायचा, लघवी तपासायचा आणि मला दटावायचा.

‘खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी’ ही म्हण लहानपणापासून ऐकत आले होते. ती आपल्याच घरी राहायला येईल असं वाटलं नव्हतं. तूप माहेरच्या म्हशींचं यायचं. पण तूप काय नुसतं वाटीने प्यायचं? पहिल्या दिवशी तसंच पाजलं. पोरीने ते बापाच्या कचेरीच्या धोतरावर ओकून टाकलं. दुसऱ्या दिवशी लोण्याचा गोळा हातावर ठेवला, तो तिने मांजराला दिला. मांजर खूश, मी रडकुंडीला. औषध म्हणून कुणी दोन वर्षं जेवत नाही, हे मला तेव्हाच कळून चुकलं. मला स्वयंपाक करावा लागणार होता, आणि तोही असा, जो माझ्या आईने, तिच्या आईने, कुणीच केला नव्हता.

सुरुवात खुरासणीपासून, म्हणजे कारळ्यापासून केली. आमच्या डोंगरउतारांवर ती पिवळ्या फुलांनी डोलते, तिच्या काळ्या बारीक बियांत तेलच तेल. बिया मंद भाजायच्या, तडतडायला लागल्या की उतरायच्या, लसूण, मीठ आणि हिरवी मिरची घालून उखळात कुटायच्या. कुटता कुटता मुसळ तेलकट झालं की चटणी झाली समजावं. त्यात वरून तूप कालवलं तर तूप आहे हे खाणाऱ्याला कळतच नाही. पोरीने बोट चाटून पाहिलं आणि पुन्हा बुडवलं. मी तिकडे बघितलंच नाही असं दाखवलं.

मग मोहाच्या बियांचं तेल. थंडीत ते तुपासारखं गोठतं, कच्चं असलं तर कडसर लागतं. त्यात आधी मूठभर पाला तळून तो पाला टाकून द्यायचा, म्हणजे कडूपणा त्याच्याबरोबर जातो. त्या तेलात ओढ्याची बारीक मासळी कुरकुरीत तळायची. पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब उकळून, पाणी फेकून, नारळाच्या घट्ट दुधात शिजवायचे. नारळ डहाणूकडून येणाऱ्या माणसाबरोबर मागवायचे. बोकड कापला की लोक मटण नेत, मी चरबी मागायची. खाटीक म्हणायचा, “वयनी, दिवे लावतेस काय?”

पण खरी झुंज भाकरीशी होती. पोर सगळं खायची आणि शेवटी विचारायची, “आये, भाकर?” ताटाला भाकर नसली तर आमच्याकडच्या माणसाला आपण जेवलोय असं वाटतच नाही, लहान असो की थोर. म्हणून मी पानगी करायला घेतली. तांदळाच्या पिठाची पानगी सगळ्यांना येते. मी ती पाट्यावर वाटलेल्या ओल्या खोबऱ्याची केली. पहिली तव्यावरच मोडली. दुसरीत अंडं घातलं, ती उभी राहिली पण तिला अंड्याचा वास. तिसरी जळली. कितव्या तरी खेपेला खुरासणीचं कूट, दोन अंडी, मीठ आणि पातळ तूप खोबऱ्यातच फेटून हळदीच्या पानावर थापलं, वर दुसरं पान झाकलं आणि विस्तव इतका मंद केला की आमचे हे येऊन विचारून गेले, चूल विझलीय का. महत्त्वाचं हे की पान गरम असताना सोलायचं नाही. हात शिवशिवतात, पण थांबायचं. गार झाल्यावर पान आपोआप सुटलं आणि आत हळदीच्या पानाच्या शिरा उमटलेली अख्खी, काळसर पानगी. चक्क भाकरीच्या रंगाची! मी ती हातावर नाचवत सगळ्या चाळीला दाखवून आले.

फेफरं आधी विरळ झालं. मग एक पूर्ण महिना आलंच नाही. पोर पाढे पुन्हा म्हणायला लागली. शेजारणी मात्र माझ्या नावाने बोटं मोडत होत्या. “स्वतः भात गिळते, आणि पोरीला पाला घालते,” असं एकीने पाणवठ्यावर माझ्या तोंडावर म्हटलं. मी म्हटलं, “पोरगी उड्या मारतेय ती बघ आधी, मग माझ्या तोंडाकडे बघ.”

आणि मग सासूबाई सूर्यमाळहून राहायला आल्या. भारी मायाळू बाई. नातीवर जीव. त्यांना मी सगळं समजावून सांगितलं. भाकर नाही, भात नाही, गूळ नाही. त्यांनी मान डोलावली. चार-सहा दिवसांनी पोरीला भर सकाळी अंगणात फेफरं आलं, पहिल्यासारखं कडक. मी खाली बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं. सगळं फुकट गेलं असं वाटलं. पोर शुद्धीवर आल्यावर मी सगळ्यांना धारेवर धरलं.

“कुणी काय खायला घातलं हिला?”

“म्या कशाला घालीन? आंबील तेवढी पाजली,” सासूबाई म्हणाल्या. “रोज वाटी वाटी. उन्हाची तहानते पोर.”

नागलीच्या पिठाची आंबील! पण त्या खोटं बोलत नव्हत्या, लपवतही नव्हत्या. डोंगरात रानात जाताना तहानेला आंबीलच नेतात. ती खाणं नाही, पाणी आहे. माझ्या स्वतःच्या आईलाही ते वेगळं सांगावं लागलं असतं. डॉक्टरने सांगितलेल्या सगळ्या नावांत आंबीलचं नाव नव्हतं आणि मलाही ते सुचलं नव्हतं.

“आत्याबाई, त्यात नागली आहे,” मी एवढंच म्हटलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने उखळाशी बसल्या आणि खुरासणी कुटायला लागल्या.

डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावली. आम्ही केली. फेफरं पुन्हा थांबलं. आणि भादव्यात सूर्यमाळहून निरोप आला, नव्याला या.

नवं म्हणजे आमच्याकडे साधी गोष्ट नाही. शेतातलं पहिलं धान्य कणसरीला, म्हणजे आमच्या धान्याच्या देवीला दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही, आणि दाखवलं की घरच्या प्रत्येकाने त्याच दिवशी, एकाच पंगतीला ते खायचं. तान्ह्या पोराच्याही ओठाला शीत लावतात. जो खात नाही तो त्या घरचा नाही. न जावं तर घर तुटतं, जावं तर पोरीचं सगळं मोडतं. आमचे हे म्हणाले, “एका शिताने काय होणार?” मी म्हटलं, “आंबीलने काय झालं ते बघितलंत ना?” मला तेव्हा त्यांचा असा राग आला की सांगता सोय नाही. पण गेलो.

पंगत बसली. पाड्यातली म्हातारी माणसं होती, भाऊबंद होते. नव्या भाताची वाफ घरभर. चुलत सासऱ्यांनी पोरीच्या पानावर भात वाढायला हात पुढे केला. मी म्हटलं, “नको.” सगळे थांबले. कुणीतरी म्हणालं, कणसरी रुसेल. कुणीतरी म्हणालं, गावात राहून ह्यांना धान्याची लाज वाटायला लागली. माझ्या घशाशी शब्द आले होते, चांगले तिखट, पण त्याआधीच सासूबाई उठल्या.

त्या सरळ मागच्या दाराने नागलीच्या शेतात गेल्या आणि एक भलीमोठी काकडी घेऊन आल्या. आमच्याकडे नागलीतच काकडीचे वेल सोडतात. ती त्यांनी धुतली, कणसरीपुढे ठेवली, हळदकुंकू लावलं आणि पंगतीकडे वळून म्हणाल्या, “ही बी नवीच हाय. नागलीच्या मांडीवर वाढली, तिचंच पाणी प्याली. माझ्या नातीचं नवं हेच. कुणाला काय बोलायचं असंल तर आता बोला, मंग नाय ऐकायची मी.”

चुलत सासऱ्यांनी पुढे केलेला भाताचा हात मागे घेतला. मला तर हसू आणि रडू एकदमच आलं. मी काकडी चुलीपाशी नेली, किसली, हाताने घट्ट पिळून पाणी काढलं, त्यात खोबरं आणि खुरासणीचं कूट घातलं, आणि कढत तुपात जिरं तडतडवून वरून ओतलं. चर्र आवाज झाला आणि वास असा सुटला की पंगतीतल्या पोरांनी माना वळवल्या. सासूबाईंनी पहिला घास नातीला दिला आणि मग सगळ्यांच्या पानावर भाताच्या आधी चमचा चमचा तेच वाढलं. चुलत सासऱ्यांनी ते खाल्लं आणि पान पुढे करून म्हणाले, “आणखी हाय का?” इतका गोड प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नसेल.

त्यानंतर फेफरं आलं नाही. पावसाळा गेला, उन्हाळा गेला, पुन्हा पावसाळा गेला. दोन वर्षांनी डॉक्टरांनी पोरीच्या पाठीवर थाप मारली आणि मला म्हणाले, “आता हळूहळू धान्य सुरू करा. तुम्ही जिंकलात.” मी त्यांना म्हटलं, “ते मला माहीत आहे.” आमचे हे लाजले. मी नाही लाजले.

जव्हारला परत आल्यावर मी नागलीची एकच छोटी भाकर थापली. चांगली फुगली. पोर आता आठ वर्षांची झाली होती. मी ती तिच्या ताटात ठेवली आणि समोर बसले. तिने भाकरीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

आता हे सांगते, तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. तिचं ताट बदललं त्या दिवसापासून मीही भात आणि भाकर सोडली होती. तिच्यासमोर मोडायला हात उचलेना, आणि तिच्यामागे खायला मन होईना. रोज तिच्या शेजारी बसून तीच पानगी, तीच चटणी. नव्याच्या दिवशीही वाढण्याच्या निमित्ताने भात चुकवून मी ती काकडीच खाल्ली होती. मला वाटलं होतं पोर लहान आहे, तिच्या लक्षातही येणार नाही.

तिने भाकर बरोबर मधोमध मोडली आणि अर्धी माझ्यापुढे सरकवली.

“आये, तू पण खा आता,” ती म्हणाली. “तुझं पण फेफरं गेलं ना?”

दोन वर्षं ती मला आजारी समजत होती. म्हणून तिने कधी हट्ट केला नव्हता, म्हणून शेजारच्या घरची भाकर बघूनही ती माझा पदर धरून मुकाट घरी यायची. तिला वाटत होतं की आपण दोघी मिळून बऱ्या होतोय.

“गेलं गं बाय,” मी म्हटलं. “दोघींचंही गेलं.” आणि आम्ही दोघींनी ती भाकर खाल्ली.