पाण्याचा गिलास

आदिलाबादला मी समुपदेशन करते. मोजक्या भेटींत माणसाला त्याच्या दाबलेल्या भावनेपर्यंत न्यायचं, असं आमचं काम. चार-पाच जणांना ते शिकवतेही.

आज वर्गात माझ्याच एका भेटीचा व्हिडिओ लावला. त्या बाईंची परवानगी घेतली होती. गेलेल्या भावाबद्दल सांगता सांगता त्यांचे डोळे भरले, आणि मी पाण्याचा गिलास पुढे केला. त्या दोन घोट प्यायल्या, पदर सावरला आणि शेतातल्या सोयाबीनचं बोलू लागल्या.

जैनथहून शिकायला येणाऱ्या रेखानं व्हिडिओ थांबवला. "मॅडम, त्यायले रडू येऊन राह्यलं होतं. तुमी पाणी काऊन देलं?"

"आपल्याकडे रडणाऱ्याला पाणी देतातच," मी म्हटलं.

"तेच तं. मंग माणूस गप बसते."

आई गेली त्या दिवशी जो येई तो मला पाणी देत होता, आणि मी पीत होते. तीन वर्षं झाली, अजून रडले नाही. हे वर्गाला सांगायला गेले, तर 'आई' म्हणताच माझे डोळे भरले.

रेखा उठली आणि तिनं माझ्यासमोर गिलास धरला. धरल्यावर तिच्या लक्षात आलं, पण आता मागे कसा घेणार?

नको म्हणायला हवं, हे मला कळत होतं. तरी सगळं पाणी प्यायले आणि म्हटलं, "चला, पुढचा व्हिडिओ लावा."

तुम्हाला पाणी न देता कोणी कधी रडू दिलंय का?