साडेआठ म्हणजे साडेआठ

अमेरिकेत समुद्रकाठच्या चार्ल्स्टनजवळ घर असलेल्या माणसाला नातेवाइकांचा तुटवडा कधी पडत नाही. पद्मजा उत्तरेकडच्या नोव्हाय गावात राहत होती तेव्हा चार वर्षांत दोन पाहुणे आले, तेही एकाच लग्नासाठी. इथे माउंट प्लेझंटला आल्यापासून सहा वर्षांत एकोणतीस झाले. समुद्र, तोफा, घोडागाड्या, रंगीत घरं, सगळं अर्ध्या तासावर. मग येणार नाहीत तर काय?

ती डेटा ॲनालिस्ट, म्हणून तिने पाहुण्यांसाठी एक शीटच बनवली होती. कुठे स्ट्रोलर चालतो, गुडघे दुखणाऱ्यांना कुठे बाक आहेत, शाकाहारी कुठे काय मिळतं. हा शेवटचा रकाना बहुतेक रिकामाच. इथे साध्या घेवड्याच्या शेंगांतसुद्धा डुकराचं मांस शिजवतात, हे तिने एका मावशींच्या तिसऱ्या घासाला शोधून काढलं होतं.

शीटमध्ये न लिहिलेला नियम एकच होता. पाहुण्यांना निघायची वेळ तासभर आधीची सांगायची. नऊला निघायचं तर आठ सांगायचं.

या खेपेला नवऱ्याचे, म्हणजे शंतनूचे, काका-काकू आले होते, नागपूरहून. अरुणकाका वीजमंडळातून निवृत्त झालेले. शेकडो वर्षांचा तो प्रचंड एंजल ओक पाहून ते म्हणाले, "आमच्या कॉलनीतला वड याच्याहून मोठा आहे." चहाच्या मळ्यात म्हणाले, "चहा पाहायला अमेरिकेत?" आणि तीन कप प्यायले. मीनाक्षीकाकू काही म्हणत नसत. त्या फक्त प्रत्येक ठिकाणी तिखट-मिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडत, पद्मजाने हॉटेलात टेबल राखून ठेवलेलं असलं तरी.

हे सगळं तिने सोसलं असतं. प्रश्न डॉल्फिनचा होता.

कियावाच्या खाडीत ओहोटीच्या वेळी डॉल्फिन मासे हाकत काठाच्या चिखलावर ढकलतात आणि स्वतःही अर्धे बाहेर येऊन ते खातात. नऊ वर्षांच्या लेकीला, अनिकाला, ते पाहायचं होतं. भरतीचं पाणी चढलं की खेळ संपला. गेल्या वर्षभरात तीनदा जायचं ठरलं, तिन्ही वेळा पाहुणे घरात आणि तिन्ही वेळा चहात उशीर. चौथ्यांदा ठरवलं तेव्हा अनिका वहीतून मान वर न करता म्हणाली, "इट्स ओके, आई. यू डोन्ट हॅव टू प्रॉमिस."

ते पद्मजाला फार लागलं. रुसली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी सव्वादहाला पूर्ण ओहोटी. गाडीने एक तास, पुढे वाळूतून अर्धा तास चाल. या वेळी खोटं नाही, असं ठरवून तिने आदल्या संध्याकाळी सरळ सांगितलं, "काका, बरोबर साडेआठला निघायचंय."

साडेआठला अनिका बूट घालून दारात उभी. काका लुंगीवर, पेपरासारखा आयपॅड धरून. काकू पुऱ्या लाटत होत्या.

"काका, आंघोळ?"

"जातो ना. काहून एवढी घाई करून राहिली तू? अजून तास आहे."

"तास कसला?"

"शंतनूच सांगत होता. तुझं साडेआठ म्हणजे साडेनऊ. तू आधीचंच सांगतेस म्हणे." काका खूश होऊन हसले. "आम्हाला कळते बापा सगळं."

पद्मजाने शंतनूकडे पाहिलं. तो फ्रिजमध्ये काहीतरी शोधू लागला.

"तू सांगितलंस?"

"यार, ते टेन्शन घेत होते. मला काय माहीत तू या वेळी खरं सांगशील."

तिला ओरडावंसं वाटलं. पण कोणावर? सहा वर्षं एकोणतीस माणसांशी खोटं बोलली ती स्वतःच. तिने घड्याळ पाहिलं. आठ पस्तीस. अनिका एका बुटाची लेस सोडायला वाकली होती.

"राहू दे ती," पद्मजा म्हणाली. "चल."

"आणि आम्ही?" काकू लाटणं हातात घेऊन बाहेर आल्या.

"शंतनू आणेल तुम्हाला दुसऱ्या गाडीने. बारा वाजता कोळंबीच्या हॉटेलात भेटू. काकू, तिथे तुमच्यासाठी मक्याचे तळलेले गोळे आहेत, मी फोन करून विचारलंय."

"पाहुण्यांना टाकून निघाली," काका आयपॅडला म्हणाले.

रस्ताभर तिला ते वाक्य टोचत राहिलं. नागपूरपर्यंत पोचेल, हे तिला ठाऊक होतं.

दहा वाजून पाच मिनिटांनी मायलेकी खाडीवर होत्या. वीस मिनिटं काहीच नाही. मग पाणी एकदम फुगलं आणि पाच डॉल्फिन एका रांगेत चिखलावर चढले, सगळे उजव्या कुशीवर. अनिकाने आईची बाही घट्ट धरली आणि तासभर सोडली नाही. पद्मजा दोनदा म्हणाली, "निघूया." दोन्ही वेळा अनिका म्हणाली, "लास्ट वन."

हॉटेलात पोचायला पाऊण वाजला. बाहेरच्या बाकावर काका कडक इस्त्रीच्या शर्टात बसले होते. शेजारी काकू, मांडीवर डबा.

"आम्ही पावणेबारापासून बसलो आहोत," काका म्हणाले. "बारा म्हणाली होतीस ना? तुम्हा लोकांना वेळेचं काही वाटत नाही."

पद्मजाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. अनिका तिच्या आधीच बाकावर चढली होती.

"काका आजोबा, देअर वर फाइव्ह," ती म्हणाली आणि डब्यातली पुरी उचलून ते कसे आडवे झाले ते दाखवू लागली.